सदाशिव पेठेतली केबिनवाली अभ्यासिका: सात महिने बसून झाल्यावरचा रिव्ह्यू

स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय, सात महिने झाले या अभ्यासिकेत, आणि रूमवर कोणी नवीन मुलगी आली की पहिला प्रश्न हाच असतो, ताई अभ्यासिका कुठली लावू, तुमच्याकडे सीट आहे का, फी किती. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. नाव मुद्दाम टाकलं नाहीये कारण पुढे तक्रारीपण आहेत आणि त्या मी अभ्यासिका चालवणाऱ्या काकांना समोरासमोर सांगितल्यात, उगाच नाव खराब व्हायला नको त्यांचं. पण नावाची तशी गरजही नाही, कारण मी जे लिहितेय ते तुम्हाला नवी पेठेत, शास्त्री रोडला, लातूरला, संभाजीनगरला, कुठेही सीट बघायला गेलात तरी कामाला येईल.

आपण सीट बघायला जातो तेव्हा काय विचारतो? एसी आहे का, वायफाय चालतं का, आरओचं पाणी आहे का, रात्री किती वाजेपर्यंत चालू असते. मीही पुण्यात आल्यावर पहिली दीड वर्षं हेच विचारत होते. आता मी सांगते की ते सगळं नंतर विचारा, आधी त्या खुर्चीवर जाऊन बसा, पुस्तक उघडा आणि दहा मिनिटं फक्त एवढंच बघा की नजर पानावर असताना समोर आणि कडेला काय काय हलतंय. फी खरंतर आपण त्याचीच भरतो.

माझं बीए सायकॉलॉजीतून झालंय, अटेन्शनचा चॅप्टर आम्हाला होता, परीक्षेपुरता पाठ केला आणि सोडून दिला. तो चॅप्टर खरा कळला तो जुन्या अभ्यासिकेत.

जुनी अभ्यासिका म्हणजे एक मोठा हॉल, लांबच लांब टेबलं, समोरासमोर खुर्च्या, साठेक पोरं-पोरी. एसी कडक, पाणी थंड, वायफाय सुसाट, फी पण इथल्यापेक्षा दोनशे रुपयांनी कमी. पण दार काचेचं, आणि दाराच्या पलीकडे ऑफिसच्या टेबलावर सीसीटीव्हीचा टीव्ही लावलेला, त्यात आमचेच नऊ चौकोन हलताना दिसायचे. भिंतीवर एकही मोकळी जागा नाही, सिलेक्ट झालेल्या मुलांचे फ्लेक्स, हार घातलेले फोटो, पिवळ्या-लाल अक्षरात वाक्यं. माझ्या समोर बसणारा मुलगा बिचारा अतिशय सिन्सियर, पण त्याला पेन बोटात गोल फिरवायची सवय. आवाज काही नाही हं, एकदम शांत हॉल, टाचणी पडली तरी ऐकू येईल. आणि तरी माझं पान पुढे सरकत नव्हतं.

मला वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे. घरी फोन केला की आई विचारायची अभ्यास होतोय ना गं, मी हो म्हणायचे आणि फोन ठेवल्यावर रडू यायचं. शेवटी एक दिवस वहीच्या मागच्या पानावर नजर वर गेली की पेन्सिलने एक रेघ असं सुरू केलं. दीड तासात एक्केचाळीस रेघा. एक्केचाळीस! त्यातल्या निम्म्याहून जास्त दार उघडल्याच्या होत्या, आणि बाकीच्या पेन, टीव्ही, कोणीतरी उठलं, कोणीतरी बसलं. एकदाही मी ठरवून वर बघितलं नव्हतं. मान उचलली गेल्यावर कळायचं की अरे आपण बघतोय.

आता यात माझा गुन्हा किती आणि डोळ्याचा किती ते सांगते. हात सरळ पुढे ताणून अंगठा उभा धरा. अंगठ्याच्या नखाएवढी, फार तर दोन अंगठ्यांएवढी जी जागा दिसते ना, तेवढ्यातच आपल्याला एकदम स्पष्ट दिसतं, बारीक अक्षर वाचता येतं. बाकी सगळं धूसर असतं, फक्त आपल्याला ते जाणवत नाही कारण डोळे सतत फिरत असतात. पण डोळ्याची ही धूसर कड एका बाबतीत फार तयार असते, काही हललं किंवा काही नवीन उगवलं की ती लगेच खबर देते आणि नजर तिकडे जाते, शेतात गवत हललं की माणसाने चटकन बघणं जिवाच्या कामाचं होतं म्हणून ही सोय. १९८४ साली यांटिस आणि जोनिडेस या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की स्क्रीनवर एखादं अक्षर नव्याने अचानक उगवलं तर लक्ष त्याच्याकडे आपोआप ओढलं जातं. मग १९९२ मध्ये नेदरलँड्सच्या यान तेवेस यांनी दाखवलं की चौकटींच्या घोळक्यातून गोल शोधायचं काम दिलं आणि त्यात एकच आकृती वेगळ्या रंगाची ठेवली, तर त्या रंगाचा कामाशी काडीचा संबंध नसतानाही माणसं गोल शोधायला जास्त वेळ लावतात. वेळ मिलीसेकंदात जातो, पण आपण मिलीसेकंदाचं काम करत नाही ना, आपण राज्यघटनेचं कलम वाचत असतो, आणि एकदा नजर उठली की ते वाक्य परत पहिल्यापासून वाचावं लागतं. माझा एक्केचाळीस रेघांचा हिशोब असा आहे.

म्हणजे काचेचं दार आणि फिरणारं पेन यांच्याशी मी दीड वर्षं भांडत बसले, आणि ते भांडण मी जिंकू शकणारच नव्हते.

आता ही नवीन जागा. जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या बिल्डिंगचा दुसरा मजला, जिना अरुंद, लिफ्ट नाही. बाहेरच चपलांचं कपाट, त्याच्या शेजारी लाकडी खणांचं दुसरं कपाट, त्याचं पुढे सांगते. आत चौतीस केबिन. केबिन म्हणजे खोली नाही, प्लायवूडच्या तीन बाजू, वर सनमायका, फळी इतकी उंच की बसल्यावर समोरचं डोकं दिसत नाही आणि उभं राहिलं की सगळा हॉल दिसतो. सनमायका मॅट आहे, फिकट राखाडी, आणि हे मी मुद्दाम लिहितेय कारण रूममेटच्या अभ्यासिकेत चकचकीत पांढरा सनमायका आहे, त्यात मागून जाणाऱ्या माणसाची सावली हलताना दिसते, म्हणजे पार्टिशनला पैसे खर्च करून अर्धं काम वाया. इथे दाराकडे तोंड असलेली एकही सीट नाही, सगळ्या खुर्च्यांची पाठ किंवा कूस दाराकडे. काकांना मी विचारलं की हे तुम्ही ठरवून केलं का, तर म्हणाले, "अगं मी पस्तीस वर्षं बँकेत काउंटरवर बसलो, दारातून कोण आलं बघत बघत किती वेळा बेरीज चुकली माझी, म्हणून सुतार आला तेव्हा त्याला पहिल्यांदा तेच सांगितलं." त्यांनी कुठलंही रिसर्च वाचलेलं नाही, पण अटेन्शनवरची इतकी बरोबर ओळ मी पुस्तकातही वाचली नाहीये.

माझी सीट चौदा नंबर. फिक्स सीट. जुन्या ठिकाणी रोज सकाळी जो आधी येईल त्याची जागा असायची आणि त्यावरून भांडणंपण व्हायची. इथे डिपॉझिट पाचशे, महिना चौदाशे, आणि सीट तुमचीच. लोकांना वाटतं फिक्स सीटचा फायदा म्हणजे पुस्तकं ठेवता येतात. तो आहेच, पण माझ्या मते तो दुय्यम आहे.

खरा फायदा मला पहिल्या तीन आठवड्यांत कळला. चौदा नंबरला समोर डावीकडे वर, फळीच्या बरोबर वर, भिंतीवरचा पंखा आहे आणि तो मान फिरवतो. पहिल्या दिवशी मला वाटलं गेले पैसे, हा पंखा मला जगू देणार नाही. आठवडाभर खरंच त्रास झाला. मग कधीतरी, नक्की कुठल्या दिवशी ते आठवत नाही, तो दिसायचाच बंद झाला. पंखा फिरतोय, वारा येतोय, पण नजर जात नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आले तर दोन दिवस परत दिसला आणि परत गायब. मला हे इतकं नवल वाटलं की मी जुन्या नोट्स काढल्या आणि नवीन काय काय आलंय ते शोधून वाचलं. तर याच तेवेस यांनी वांग यांच्यासोबत २०१८ मध्ये दाखवलंय की लक्ष विचलित करणारी रंगीत आकृती बहुतेक वेळा एकाच ठराविक जागी येत राहिली तर मेंदू ती जागाच दाबून ठेवायला शिकतो, तिथून होणारा त्रास कमी होतो, आणि गंमत म्हणजे बहुतेकांना आपण असं काही शिकलोय याचा पत्ताही नसतो. त्याची किंमतपण असते, त्या दाबलेल्या जागी खरी कामाची गोष्ट आली तर ती सापडायला उशीर लागतो. पंख्याच्या जागी मला काही कामाचं शोधायचं नाहीये, त्यामुळे माझा सौदा चांगला झाला.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की रोज जागा बदलणारी अभ्यासिका घेऊ नका, ती कितीही स्वस्त असू दे. डोळ्यांना कुठली जागा सोडून द्यायची हे शिकायला वेळ लागतो आणि रोज नवीन खुर्ची म्हणजे रोज शून्यापासून.

आता एक गोष्ट जी मी फार उशिरा शिकले. जुन्या हॉलमध्ये असताना मी स्वतःला सारखं बजावायचे, त्या मुलाच्या पेनाकडे बघायचं नाही, बघायचं नाही म्हणजे नाही. आणि तेवढ्यात नजर पेनावर. आपल्याकडे दुर्लक्ष म्हणतात ना, त्या शब्दाच्या पोटातच लक्ष बसलेलं आहे, आणि प्रयोगातही नेमकं तसंच निघालंय. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २०१२ मध्ये लोकांना आधीच सांगितलं की आता लाल रंगाची अक्षरं येतील ती सोडून द्या, तर लोक उलट हळू झाले, आधी लक्ष लालकडेच गेलं आणि मग तिथून सुटलं. वेळ मिळाला तर पुढे फायदा होतो, पण पहिला झटका उलटाच. त्याच्याही आधी १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर यांचा पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हटलं की तेच डोक्यात येत राहतं. म्हणून आता मी काय बघायचं नाही हे ठरवतच नाही, फक्त काय शोधायचंय ते ठरवते. पॉलिटीचं, म्हणजे राज्यघटनेच्या विषयाचं, पान उघडताना समासात एक प्रश्न लिहिते, म्हणजे राज्यपालांचा कुठला अधिकार कुठल्या कलमात, आणि ते शोधत वाचते. डोळ्यांना काम दिलं की ते इकडेतिकडे जात नाहीत. नुसतं बस आणि वाच म्हटलं की जातात.

याच्याशी जुळणारं एक काम निली लावी यांचं आहे, १९९५ पासूनचं, आणि ते मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. त्यांचं म्हणणं असं की डोळ्यांसमोरचं काम भरगच्च असेल, बघण्यासारखं खूप असेल, तर बाहेरच्या अडथळ्याला आत यायला जागाच उरत नाही, आणि काम सोपं आणि विरळ असेल तर उरलेलं लक्ष आपोआप बाहेर सांडतं. आपल्याला उलट वाटतं, सोपं काम आहे म्हणजे कुठेही होईल. पण याची दुसरी बाजू आहे. डोक्यात काही धरून ठेवायचं असेल, तेव्हा मात्र अडथळा जास्त बोचतो. २००१ च्या एका प्रयोगात लोकांना अंकांचा क्रम डोक्यात धरायला सांगितला आणि तेवढ्यात स्क्रीनवर प्रसिद्ध लोकांची नावं वाचून ओळखायची, मागे दिसणारे चेहरे सोडून द्यायचे. ज्यांच्या डोक्यावर अंकांचं ओझं जास्त त्यांना ते चेहरे जास्त नडले.

हे वाचलं आणि मी माझं टाइमटेबलच बदललं. नकाशा भरणं, तक्ते, डेटा इंटरप्रिटेशन, म्हणजे जिथे डोळे भरलेले असतात ते मी दुपारी करते जेव्हा जेवून येणारे जाणारे असतात, चपलांचा वावर असतो. आणि सीसॅटचं (आकलन-बुद्धिमापनाचा पेपर) तोंडी गणित, सीटिंग अरेंजमेंटची कोडी, कलमांचं पाठांतर, जिथे चार गोष्टी डोक्यात धरून पाचवी बसवायची असते, ते सकाळी सहा ते नऊ, जेव्हा हॉलमध्ये आम्ही पाच-सहा जणीच असतो. सीसॅट क्वालिफाइंग आहे, म्हणजे नुसतं पास व्हायचं, तेहतीस टक्के लागतात, आणि मागच्या वेळी मी तिथेच अडकले होते. आता टेस्ट सिरीजमध्ये नियमित पन्नासच्या वर जातंय. सगळं श्रेय अभ्यासिकेला देत नाही, प्रॅक्टिसपण वाढवलीये, पण वेळ बदलल्याचा फरक मला पहिल्याच आठवड्यात दिसला.

भिंतींबद्दल. इथल्या भिंती मोकळ्या आहेत. एक घड्याळ, तेही दाराच्या वर म्हणजे पाठीमागे, आणि एक नोटीस बोर्ड बाहेर जिन्यात. नवीन आलेल्या मुलांना हे फार कोरडं वाटतं, एकाने काकांना सांगितलं की जरा मोटिव्हेशनल पोस्टर लावा. मी मध्ये पडून नको म्हणाले. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा २०१४ चा अभ्यास आहे, बालवाडीच्या वयाची चोवीस मुलं, काही धडे सजवलेल्या वर्गात आणि काही मोकळ्या भिंतींच्या वर्गात. सजवलेल्या वर्गात मुलांचा ३८.६ टक्के वेळ इकडेतिकडे गेला, मोकळ्या वर्गात २८.४ टक्के, आणि धड्यावरच्या प्रश्नांत बरोबर उत्तरं मोकळ्या वर्गात ५५ टक्के, सजवलेल्यात ४२. आता ती पाच-सहा वर्षांची मुलं आणि आपण पंचवीस-सव्वीसचे, लहान मुलांना लक्ष आवरणं अवघडच जातं, त्यामुळे तोच आकडा आपल्याला लागू होईल असं मी म्हणत नाही. पण जुन्या हॉलमध्ये ज्या भिंतीवर हार घातलेले फोटो होते त्या भिंतीसमोर बसून मी काय करायचे ते मला माहितीये. वाचता वाचता नजर जायची, मग त्या ताईचं वय बघायचे, कितव्या अटेम्प्टला झालं ते बघायचे, मग माझे किती अटेम्प्ट झाले ते मोजायचे. नजर एक सेकंद जाते, मन अर्धा तास येत नाही.

आता ते लाकडी खणांचं कपाट. प्रत्येक सीटला एक खण, छोटं कुलूप, किल्ली तुमच्याकडे, आणि नियम असा की फोन आत न्यायचा नाही. कोणी जबरदस्ती करत नाही, खिसे तपासत नाही, पण काका नव्या माणसाला पहिल्या दिवशी सोबत उभं राहून खण दाखवतात आणि मग कोणाची आत न्यायची हिंमत होत नाही. मला आधी हे जाचक वाटलं होतं, गावाकडे आजी आजारी होती तेव्हा तर फारच. तर काकांनी ऑफिसचा नंबर घरच्यांना द्यायला सांगितला, अर्जंट असेल तर ते स्वतः सीटपाशी येऊन हळूच सांगतात, आणि एकदा खरंच आले होते.

फोन सायलेंट करून पालथा ठेवला तर काय बिघडतं असं मलाही वाटायचं. २०१७ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी जवळपास आठशे लोकांवर हे करून बघितलं, फोन टेबलावर, फोन खिशात किंवा बॅगेत आणि फोन दुसऱ्या खोलीत. सगळ्यांचे फोन सायलेंट. ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत होता त्यांचे मार्क टेबलावर फोनवाल्यांपेक्षा चांगले आले, आणि फोनमुळे काही फरक पडला असं लोकांना स्वतःला वाटतच नव्हतं. पुढे इतरांनी हा प्रयोग परत केला तेव्हा सगळीकडे असंच निघालं नाही हेही खरं, त्यामुळे यावर मी अगदी छातीठोक बोलणार नाही. माझा अनुभव एवढाच की खणात फोन असला की मला तो दिसत नाही, त्याची काळी काच, तिच्यात पडलेला ट्यूबलाइटचा पट्टा, हे काहीच डोळ्याच्या कडेला नसतं. इथे आल्यावर पहिल्या महिन्यात मी परत रेघा मारून बघितल्या, तेवढाच दीड तास, नऊ आल्या. त्यातल्या चार पंख्याच्या होत्या, तेव्हा पंखा अजून दिसत होता.

तक्रारी लिहिते आता. पहिली आणि मोठी, खिडकीकडच्या सहा सीट. एकोणतीस ते चौतीस. तिथे पडदा आहे पण पातळ आहे आणि समोरच्या गल्लीत दुपारी चार ते सहा गाड्यांच्या काचांवरून ऊन परत फिरून पडद्यावर चमकतं, एक उजेडाचा ठिपका सर्रकन पडद्यावरून पळत जातो, दर काही सेकंदांनी. याची सवय होत नाही कारण तो कधी येईल आणि कुठून येईल ते ठरलेलं नसतं. मला सुरुवातीला तिथलीच सीट मिळाली होती, नऊ दिवसांत मी बदलून मागितली. जाड पडदा हवा, इतकं साधं काम आहे, आणि काका तीन महिने करतो करतो म्हणतायत. गणपतीत तर लायटिंगचे रंग पडद्यावर फिरत होते, त्या सहा सीटवाल्यांनी ते दहा दिवस कसे काढले त्यांनाच माहीत.

दुसरी, केबिनमध्ये लांबचं काहीच दिसत नाही. नजर दोन फुटांवर जाऊन आदळते. चार तास सलग बसलं की डोळे जड होतात, मी दर तासाला उठून जिन्यातल्या खिडकीतून समोरच्या वाड्याच्या कौलांकडे बघून येते. केबिनला उंच फळी असणं आणि डोळ्यांना मोकळं होणं यात काहीतरी मधला मार्ग निघायला हवा, म्हणजे एका कोपऱ्यात चार खुर्च्या खिडकीकडे तोंड करून, फक्त विश्रांतीसाठी. जागा आहे, तिथे सध्या रद्दी पेपर साठलेत.

तिसरी, दुपारी एक ट्यूब मधूनमधून लपलपते, सात नंबरच्या वर. सांगितलं की बदलतात, पण सांगावं लागतं.

आणि एक गोष्ट तक्रार नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. डिसेंबरात एका रिझल्टच्या दिवशी माझ्या शेजारच्या पंधरा नंबरच्या मुलीचं दोन मार्कांनी राहिलं. ती दुपारभर सीटवरच बसून होती, डोकं टेबलावर ठेवून. मी त्या दिवशी पाणी प्यायला तीन वेळा उठले, तीन वेळा तिच्या मागून गेले, आणि मला दिसलं नाही. रात्री मेसमध्ये दुसऱ्या मुलीने सांगितलं तेव्हा कळलं. आम्हाला बीएला तो बास्केटबॉलचा व्हिडिओ दाखवला होता, सायमन्स आणि शाब्री यांचा १९९९ चा, पांढऱ्या कपड्यांतल्या खेळाडूंचे पास मोजायचे असतात आणि मधून गोरिलाच्या वेशातलं माणूस छाती बडवत चालत जातं, आणि बघणाऱ्यांतल्या जवळपास निम्म्यांना ते दिसतच नाही. वर्गात तेव्हा सगळे हसले होते, मीही हसले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी सात महिने जे शिकले, डोळ्याच्या कडेचं सगळं सोडून द्यायला, त्यात तीही सुटली. दुसऱ्या दिवशी तिला चहाला घेऊन गेले, खूप वेळ बोललो. आता संध्याकाळी साडेपाचला उठले की मी पंधरा नंबरच्या फळीवर बोटाने दोनदा टकटक करते आणि आम्ही दोघी खाली जातो. काकांनीही त्या दिवसानंतर एक केलं, रिझल्टच्या दिवशी ते स्वतः तासातासाने हॉलमधून एक फेरी मारतात.

कोणी ही अभ्यासिका घेऊ नये तेही सांगते. ज्यांना ग्रुपमध्ये चर्चा करून अभ्यास होतो, ज्यांचे लेक्चर मोबाइलवरच असतात, आणि ज्यांना बंद जागेत घुसमटल्यासारखं होतं त्यांनी नको. माझ्या रूममेटने चार दिवस ट्रायल घेतली आणि सोडली, तिला आजूबाजूला माणसं अभ्यास करताना दिसली की हुरूप येतो, मोकळ्या फळीसमोर तिला एकटं वाटतं. तिचं तिच्यासाठी बरोबर आहे. माणसामाणसात फरक असतोच, २००५ मध्ये ओरेगॉन विद्यापीठात मेंदूच्या लहरी मोजून दाखवलं होतं की काही लोक नको ते बाहेरच ठेवतात आणि काही लोकांच्या डोक्यात नको तेही साठवलं जातं, आणि ज्यांच्यात साठवलं जातं त्यांची कामाची जागा तेवढी कमी होते. मी दुसऱ्या गटातली आहे असं मला वाटतं. मला फळी लागते.

बाकीचं पटकन. एसी आहे पण फक्त एप्रिल-मे मध्ये लावतात, एरवी पंखे. पाणी चांगलं. वॉशरूम मुलींचं वेगळं, स्वच्छ, दिवसातून दोनदा साफ होतं. वेळ सकाळी सहा ते रात्री अकरा, मुलींसाठी वेगळा नियम नाही. वायफाय आहे पण आत फोनच नाही म्हटल्यावर लॅपटॉपवाल्यांनाच त्याचा उपयोग. लॅपटॉपसाठी मागची एक रांग वेगळी ठेवलीये म्हणजे स्क्रीन दुसऱ्या कोणाच्या नजरेत येत नाही, हे मला फार आवडलं. जिना अंधारा आहे, रात्री उतरताना जपून.

पाचपैकी सव्वाचार देते. पाऊण कापलाय तो पडद्यासाठी आणि लपलपणाऱ्या ट्यूबसाठी. ट्रायल दोन दिवसांची फुकट मिळते, घेतलीत तर आतल्या दोन रांगांत मागा, आणि दुपारी चारला एकदा खिडकीकडची सीट बघूनच ठेवा म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल.

मी काल पुढच्या तीन महिन्यांची फी भरली. पावती घेताना पडद्याचं परत काढलं, तर काकांनी ड्रॉवरमधून कापडाचे दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले, एक गडद निळं आणि एक तपकिरी, आणि म्हणाले, "तूच सांग, कुठलं कमी चमकतं?" मी दोन्ही खिडकीपाशी नेऊन उन्हात धरून बघितले. तपकिरी सांगितलंय.